‘एकही राउंड मारलेला नाही, एकदम कोरं आहे’ म्हणतात ते रिव्हॉल्वर खरंच कोरं आहे का, कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडच्या एका भाऊंना पॉइंट ३२ बोअरच्या रिव्हॉल्वरचं लायसन्स मिळालंय. कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं नवीन घ्यायचं डोक्यात होतं, तेवढ्यात ओळखीतून एक वेब्ली मार्क ४, म्हणजे जुनं विलायती रिव्हॉल्वर, समोर आलं. मूळ मालक सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून शस्त्र डीलरकडे जमा आहे. मुलाला ते नकोय, तो म्हणतो बाबांनी १९७२ ला घेतलं, कपाटातून कधी बाहेर काढलं नाही, एकही राउंड मारलेला नाही, बॉक्ससकट आहे, त्यामुळे नव्याचाच भाव लागेल. भाऊंनी दुकानात जाऊन बघितलं तर तीन गोष्टी दिसल्या. सिलिंडरभोवती गोल फिरलेली एक बारीक रेष, नळीच्या तोंडाशी थोडा उडालेला रंग, आणि मुठीच्या पट्टीच्या कडेला एक लालसर डाग. तर याला नवीन म्हणायचं का?

आधी उत्तर देतो, मग का ते सांगतो. रेष विसरून जा. तोंडाशी उडालेल्या रंगावरून मुलाला एक प्रश्न विचारा. आणि तो लाल डाग मात्र साधा समजू नका, सगळा सौदा त्याच्यावर आहे.

मी पस्तीस वर्षं बंदूक दुरुस्तीत काढली, आधी पुण्यात मग कोल्हापुरात, आणि ‘अनफायर्ड’ हा शब्द ऐकला की मला स्थळाच्या बायोडेटातलं ‘निर्व्यसनी’ आठवतं. किंवा जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी’ असतं ना, तसं. खोटंच असतं असं नाही म्हणणार मी, पण त्यातून कळत काहीच नाही. मुळात शब्दशः एकही राउंड न मारलेली बंदूक जगात नसते हो. कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी प्रूफ टेस्ट होते, नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मारून बघतात, आणि टिकली तर शिक्का मारतात. वेब्लीच्या बाबतीत हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये होतं, आणि रिव्हॉल्वर असेल तर प्रत्येक चेंबरमधून, म्हणजे सिलिंडरच्या ज्या भोकांत काडतूस बसतं त्या प्रत्येकातून होतं. म्हणजे सहाही चेंबरच्या तोंडाशी अगदी फिकट कडी दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती जन्मखूण आहे.

अमेरिकेत त्यांच्या रायफल असोसिएशनची ठरलेली प्रतवारी आहे, त्यात ‘न्यू’ म्हणजे रिटेलमध्ये एकदाही न विकलेलं. एकदा विकलं गेलं की कितीही चकचकीत असो, ते फार तर ‘परफेक्ट’, ‘न्यू’ नाही. त्या हिशोबाने १९७२ ला दुकानातून घरी आलेलं वेब्ली नवीन नाहीच, विषय संपला. पण आपल्याकडे एवढं काटेकोर कोणी बोलत नाही आणि आपली अडचणही वेगळी आहे. तिकडे लोक दर रविवारी रेंजवर जाऊन दोनदोनशे राउंड मारतात, त्यामुळे तिकडचे सगळे सल्ले ‘किती मारली गेलीय’ हे शोधायचे असतात. आपल्याकडे काडतूस महाग, लायसन्सवर कोटा ठरलेला, मारायला जागा नाही. दिवाळीच्या पाडव्याला नाहीतर दसऱ्याला पूजेत ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, परत कपाटात. (त्या हळदकुंकवाचं पुढे येतंच.) आपल्याकडे बंदूक गोळ्या मारून झिजत नाही, कपाटात कुजते. म्हणून मुलगा म्हणतोय ते ‘मारलेलं नाही’ बहुतेक खरं असेल आणि तरीही ते नवीन नसेल, ह्या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा.

बघायला जाताना काय न्यायचं ते सांगतो. सराफ वापरतात ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बारीक टॉर्च, कान साफ करायच्या काड्या, जुना पांढरा सुती रुमाल, आणि गॅरेजवाला टॅपेट सेट करायला वापरतो तो फटी मोजायचा फीलर गेज. एवढंच. शस्त्र डीलरलाच रिकामं करून दाखवायला सांगा, नंतर तुम्ही स्वतः सहाही चेंबर डोळ्यांनी बघा, लाज वाटू देऊ नका, आम्हीसुद्धा दर वेळी बघतो. आणि न विचारता चाप ओढू नका. वेब्ली वरून मोडतं, म्हणजे नळी पुढे झुकते आणि सिलिंडरच्या मागचा ताऱ्यासारखा भाग वर येऊन रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलतो, ते सिनेमात दाखवतात तसं झटका देऊन उघडू नका, झटका देऊन मिटवू नका. त्या बिजागरीचं आयुष्य असल्या हौशीतच संपतं.

पण हातात घ्यायच्या आधी कागद मागा. हे फार कमी लोक करतात. आपल्या जुन्या लायसन्सच्या पुस्तकात काडतूस खरेदीच्या नोंदी असतात, तारीख, नग, डीलरचा शिक्का. बाबांचं पुस्तक मुलाकडे नाहीतर डीलरच्या फाईलमध्ये झेरॉक्स असेल. १९७२ ला पंचवीस घेतली आणि नंतर कधीच नाही, आणि त्यातली पंचवीस जमा करताना परत मोजून दिली, तर मुलाचं म्हणणं सोन्यासारखं. माझ्याकडे एकदा एक कानपूरचं रिव्हॉल्वर आलं होतं, ‘दहाच राउंड झालेत साहेब’, आणि पुस्तकात बघतो तर दर वर्षी खडकीच्या फॅक्टरीची काडतुसं, न चुकता, अकरा वर्षं. मी काही बोललो नाही, फक्त पान उघडं करून त्यांच्यासमोर ठेवलं. ते म्हणाले, अहो ती मित्रांनी मारली. बरं. नळीला काय कळतंय कोणी मारली ते.

कागदातच आणखी एक बघायचं, वारसाचा अर्ज आणि विक्रीची परवानगी. परवानाधारक वारला की शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडे जमा करावं लागतं, ते यांनी केलेलं दिसतंय, चांगलं आहे. परवानाधारक जिवंत असून स्वतः विकत असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, आधी तीन चालायची, तेव्हा तुमच्याकडे आजोबांची बारा बोअरची बंदूक आणि अजून काही असेल तर आधी मोजून घ्या. कायद्याचं एवढंच बोलतो, बाकी डीलर सांगेल.

आता शस्त्र. पहिलं काम, रुमालाने सगळं तेल पुसून टाका. विकायला काढलेली बंदूक नेहमी तेलात बुडवलेली असते, ओल्या दगडासारखी चमकते. तेल पुसल्यावर दिसतो तो खरा रंग. रुमाल बघा, पिवळट डाग म्हणजे जुनं वाळलेलं तेल, ते चालेल, उलट चांगलंच, कोणी हात लावलेला नाही याची खूण. तपकिरी लालसर आला तर तो गंज, आणि तो कुठून आला ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग कडा. नव्या शस्त्राच्या कडा हाताला लागतात. नळीची वरची पट्टी, सिलिंडरच्या खाचांच्या कडा, फ्रेमचे कोपरे, ह्याच्यावरून नख फिरवा, नख अडकल्यासारखं झालं पाहिजे. कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत गोल असतील आणि वर रंग मात्र एकसारखा काळाभोर असेल तर ते पॉलिश करून परत ब्लू केलेलं आहे, म्हणजे रसायनाने लोखंडाला पुन्हा काळानिळा रंग चढवलाय, याच्यात दुसरी शक्यता मला तरी माहीत नाही. भिंगाखाली अक्षरं बघा. कारखान्याच्या शिक्क्याचं अक्षर खोल आणि कडेला धारदार असतं, बफिंगच्या चाकाखालून गेलं की ते उथळ होतं आणि एका बाजूला पुसट, कारण चाक एकाच दिशेने फिरतं. स्क्रूच्या भोकाच्या कडेला बघा, चाक तिथे आत घुसतं आणि भोकाभोवती बशीसारखा खळगा होतो. उजेडात तिरकं धरलं की लगेच दिसतो तो. आणि स्क्रूची खाच. कारखान्याच्या स्क्रूची खाच सरळ उभ्या भिंतीची असते, बाजारातल्या पेचकसाची नाही बसत तिच्यात, म्हणून कोणी उघडलं की खाचेचे ओठ फाटतात. एक जरी फाटलेला असला तर कोणीतरी आत गेलंय. का गेलंय ते विचारा.

कोल्ड ब्लूचं सांगून ठेवतो, बाटलीतून मिळतं, कापसाने लावायचं. लोक उडालेल्या जागी लावतात आणि मग ‘ओरिजिनल फिनिश’ म्हणून विकतात. त्याचा रंग किंचित राखाडी निळा, बाकीच्या काळ्याशी जुळत नाही, उन्हात धरलं की वेगळा दिसतो. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या, सडक्या अंड्याच्या जवळपासचा एक घाण वास येतो. दुकानात रिव्हॉल्वर हुंगताना बघून लोक हसतील, हसू देत.

आता तुमची रेष. सिलिंडर फिरतो तेव्हा खालचा स्टॉप, म्हणजे त्याला जागेवर अडवणारी खुंटी, त्याला घासत जातो आणि भोवताली एक गोल रेष पडते. बहुतेक लोक ही बघून म्हणतात ‘बघा वापरलंय’. पण ती रेष गोळीने पडत नाही, फिरवण्याने पडते. मी स्वतः यात फसलोय. एक रिव्हॉल्वर आलं होतं, रेष एवढी खोल की रंग जाऊन पांढरं लोखंड दिसत होतं, मी सरळ सांगितलं, हजारभर राउंड झालेले आहेत. मग नळी बघितली तर आरसा. चेंबर स्वच्छ, काडतुसाचं बूड टेकतं त्या मागच्या प्लेटवर पितळेचा मागमूस नाही. मालकांच्या बायकोनेच उलगडा केला, म्हणाल्या, अहो हे रोज बातम्या बघताना ते घेऊन बसतात आणि टकटक टकटक करत असतात, वीस वर्षं. तेव्हा रेष कोणीतरी चाप ओढून बघितला एवढंच सांगते, आणि पन्नास वर्षांत डीलर, पाहुणे, लायसन्सच्या नूतनीकरणाच्या वेळचे साहेब, सगळ्यांनी एकेकदा ओढला तरी बारीक रेष पडते. तुमची बारीक आहे म्हणताय, सोडून द्या. फक्त रेषेवर न थांबता खाचा बघा. स्टॉप ज्या खाचेत बसतो तिची कड चेपलेली, बाहेर आलेली असेल तर कोणीतरी झटाझट मारलंय.

गोळी किती मारली हे बघायच्या जागा वेगळ्या. सिलिंडरचं पुढचं तोंड, जिथून गोळी नळीत जाते. तिथली काजळी साफ करता येते पण ती साफ करता करता रंगही जातो, म्हणून सहा भोकांच्या मधला रंग कसाय ते बघा. मागची प्लेट, जिथे काडतुसाचं बूड टेकतं, तिथे पितळी झाक असलेली गोल खूण उमटते. काडतुसाच्या टोपीवर आपटणारी सुई जिथून येते त्या भोकाभोवती बघा, कड वर आलेली असेल तर बऱ्यापैकी मारलंय. नळीचं मागचं टोक, म्हणजे जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तो नरसाळ्यासारखा भाग, तिथे कानकाडी फिरवा. शिशाचा थर असला तर कापूस अडकतो, करडा होऊन येतो. काही जण वरच्या पट्टीवर आगीने कापलेली रेष शोधायला सांगतात, तो मॅग्नमचा, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसांचा विषय आहे, पॉइंट ३२ लाँग एवढं मवाळ काडतूस आहे की त्याने काही कापलं जात नाही, तिथे वेळ घालवू नका.

नळी बघताना सरळ टॉर्च मारू नका, डोळे दिपतात आणि सगळंच चकचकीत दिसतं. नळी उघडून अंगठ्याचं नख तिच्या मागच्या टोकाशी तिरकं धरा, नखावर टॉर्च मारा आणि पुढून बघा. नखावरून परतलेला उजेड मऊ असतो, त्यात आटे, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा, कसे धारदार वर येतात ते दिसतं. नव्या नळीत आट्याची कड काळ्या धाग्यासारखी सलग दिसते, तोंडापासून शेवटपर्यंत. मध्ये कुठे धुरकट पट्टा असेल तर साफ न केलेली धूळ समजू नका, कानकाडी फिरवून परत बघा, तरी राहिला तर तो गंजाचा खडबडीतपणा. जुन्या काडतुसांच्या टोपीत एक क्षार असायचा, तो हवेतलं पाणी ओढतो, म्हणजे पाचच राउंड मारून न पुसता ठेवलेली नळी पाचशे मारून पुसलेल्या नळीपेक्षा वाईट असते. हे मी कोकणातल्या बंदुकांत इतक्या वेळा बघितलंय की विचारू नका, तिकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे लोखंडाचं काय.

फीलर गेज सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत घाला. ०.१० ते ०.२० मिलीमीटर छान, ०.२५ च्या पुढे जायला लागलं तर विचार करा. मापताना सिलिंडर एकदा पुढे एकदा मागे दाबून बघा, दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची ढिलाई, कोऱ्या शस्त्रात तो जाणवण्याइतका नसतो. मग वेब्लीची खास जागा, नळी मिटल्यावर तिला धरून ठेवणारी वरची कडी. शस्त्र मिटलेलं असताना मूठ एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून वरखाली हलवायचा प्रयत्न करा. खट असा आवाज आला, अगदी बारीक जरी, तर कडी किंवा बिजागरी खाल्लीय. ही गोष्ट कोणी रंग देऊन लपवू शकत नाही म्हणून मला फार आवडते. कानपूरचं पॉइंट ३२ पण ह्याच वेब्ली मार्क ४ वरून घेतलेलं आहे, त्यामुळे उद्या ते बघायची वेळ आली तरी हीच परीक्षा चालेल.

आता नळीच्या तोंडाशी उडालेला रंग. हा म्यानाचा मार आहे, चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालताकाढताना तोंडाची कड आणि सिलिंडरची बाहेरची कड घासते. म्हणजे मुलाला विचारायचा प्रश्न हा, की कपाटात होतं तर कपाटात होल्स्टरमध्ये होतं की कापडात? बहुतेक होल्स्टरमध्येच निघेल, आपल्याकडे लोकांना वाटतं चामड्यात सुरक्षित राहतं. चामडं कमावायला वापरलेले क्षार आणि आम्ल ओलाव्याबरोबर लोखंडाला लागतात. वर्षभर चामड्यात पडून राहिलेलं शस्त्र वरून ठीक दिसतं, आणि जिथे चामडं घट्ट टेकलेलं होतं नेमक्या तिथे ठिपके. त्यातून निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा, तिथे पंचवीस तीस बंदुका एकावर एक, तारेने चिठ्ठी बांधलेली. तारेचा ओरखडा चापाच्या कमानीवर हमखास, तुमच्या वेब्लीवर बघा, असेल. त्याला मी दोष मानत नाही, १९७२ पासून आपल्याकडे राहिलेल्या शस्त्रावर तो नसला तरच मला शंका येते, की हे मधल्या काळात पॉलिश तर झालं नाही ना.

आणि मग तो लाल डाग. मुठीच्या पट्टीच्या कडेला बाहेर दिसतोय म्हणजे तो आतून आलाय. तळहाताचा घाम, पूजेतलं पाणी, हळदकुंकू, सगळं त्या पट्टीखाली जाऊन बसतं आणि तिथे कोणी कधी पुसत नाही. एका सावंतवाडीकडच्या घरातलं रिव्हॉल्वर मी उघडलं होतं, बाहेरून खरोखर कोरं, मीही म्हणालो नवीनच आहे, आणि पट्टी काढली तर आत कुंकवाचा घट्ट राडा आणि त्याच्याखाली मुठीची फ्रेम चाळणीसारखी. मेनस्प्रिंगवर खड्डे पडलेले. स्प्रिंग कधी तुटेल सांगता येत नाही अशी. मालकाला वाईट वाटलं, कारण ती पूजा त्यांच्या आईने चाळीस वर्षं मनापासून केलेली होती. तर डीलरला सांगा, एक स्क्रू आहे, पट्टी काढून दाखवा. नीट बसणारा पेचकस वापरून, खाच फाडून नको. नाही म्हणाला तर सौदा तिथेच थांबवा. आत फक्त पातळ लाल पावडर असेल आणि तेलाच्या कापडाने पुसल्यावर खाली लोखंड गुळगुळीत असेल तर हरकत नाही. नखाला खड्डे लागले तर मग नव्याचा भाव विसरा.

बॉक्सचं काय? बॉक्सला लोक उगाच भुलतात. रिकामा बॉक्स वेगळा विकत मिळतो. बॉक्सवरचा नंबर, शस्त्रावरचा नंबर आणि लायसन्समधला नंबर तिन्ही एक पाहिजेत, आणि शस्त्रावर एकाहून जास्त ठिकाणी नंबर असेल तर ते सगळे. जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये तर मुठीच्या बुडाला, सिलिंडरच्या मागे आणि नळीच्या खालच्या सपाट भागावर तोच नंबर असतो, तिथे एक जरी चुकला तरी सुटा भाग बदललाय. वेब्लीवर भिंग लावून प्रूफचे शिक्के वाचा. मुकुट आणि खाली बीएनपी असेल तर ते १९५४ च्या नियमांनंतरचं. १९५० पासून बर्मिंगहॅमवाले एकमेकांवर आडव्या राजदंडांची एक चिमुकली खूण मारायचे आणि तिच्यात वर्षाचं अक्षर असायचं, ती सापडली तर अक्षरावरून वर्ष काढता येतं. १९७२ ला घेतलं म्हणतायत तर वर्ष त्याच्या आतलं पाहिजे, एवढं साधं. जुन्या वेब्ली अँड स्कॉटने १९७९ ला काडतुसाच्या बंदुका बनवणंच थांबवलं, आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसाला बाहेरून शस्त्र आणणं बंद झालं, म्हणून तर ह्या जुन्या विलायती मालाला असले भाव आहेत. तो भाव लोखंडाचा नाही, बंदीचा आहे, हे लक्षात ठेवून घासाघीस करा.

याच कारणाने वॉल्थर पीपीके या जर्मन पिस्तुलाच्या बाबतीत फसवणूक जास्त. कोणी दाखवलंच तर जर्मन प्रूफच्या शिक्क्याशेजारी वर्ष बघा, कधी आकडे असतात कधी दोन अक्षरं. अक्षरं असतील तर ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं मोजत जायचं, जे सोडून द्यायचा आणि के म्हणजे नऊ. ‘आयसी’ असेल तर ८२. मला एकाने ‘१९७८ चं, पहिल्या मालकाचं’ म्हणून दाखवलं त्यावर ‘आयसी’ होतं. पिस्तूल छान होतं हो, गोष्ट खोटी होती. आणि पिस्तुलात स्लाइड मागे घेऊन नळीचा बाहेरचा रंग बघा, तोंडाजवळ स्लाइड तिला घासते, आणि मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, बघा.

बारा बोअरवाले पण विचारतीलच म्हणून दोन शब्द. दुनळीचा वरचा उघडायचा खटका बंदूक मिटल्यावर किंचित उजवीकडे थांबला पाहिजे, नवीन असताना तसाच बसवतात, झिजत जाते तसा तो मध्यावर आणि मग डावीकडे जातो. नळ्या वेगळ्या करून त्यांच्या खालच्या हुकाने बोटावर लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारा, देवळातल्या घंटीसारखा लांब आवाज आला पाहिजे, थप्प आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलीय. ही पट्टी शिसं कथलाने जोडलेली असते, आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. रायफल जशी कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात ब्लू करतात तशी कोणी दुनळी ब्लू केली तर ते कॉस्टिक जोड खातं आणि पट्टीच्या आत अडकून बसतं, आतून गंज चालूच. वरून काळीभोर नवीकोरी दिसणारी जुनी दुनळी ही माझ्या दृष्टीने सगळ्यात घाबरायची वस्तू आहे. त्यापेक्षा शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर आयुष्यभर डुकरांमागे फिरलेली, रंग उडालेली पण टणटण वाजणारी एकनळी कधीही बरी.

परत तुमच्याकडे येतो. समजा पट्टीखाली स्वच्छ निघालं, कडी घट्ट, नळी आरसा, नंबर जुळले, पुस्तकात काडतुसं कमी. तर ते खूप चांगलं, क्वचित मिळणारं वेब्ली आहे, आणि तरीही होल्स्टरच्या खुणेसाठी आणि रेषेसाठी मी नव्याच्या भावातून थोडं खाली मागेन, मुलगा ऐकेल. पण आधी स्वतःला विचारा, घेऊन करणार काय? संरक्षणासाठी घेताय, म्हणजे बाळगणार, वर्षातून काही राउंड मारून हात बसवणार. तुम्ही पहिल्या रविवारी सहा राउंड मारले की ‘कोरं’ संपलं आणि त्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे गेले. त्या पैशात कानपूरचं नवीन येतं, त्याचे स्पेअर मिळतात, वेब्लीची स्प्रिंग तुटली तर माझ्यासारख्याला हाताने घासून करावी लागते आणि आता ती करणारे फार उरलेले नाहीत. संग्रहात ठेवायला, हौसेला घेत असाल तर गोष्ट वेगळी, हौसेला मोल नसतं.

एक राहिलं. हे सगळं बघताना डीलर जवळ उभा राहून ‘साहेब अजून दोन गिऱ्हाइकं आहेत’ म्हणेल. म्हणू दे. सहा वर्षं त्याच्याकडे पडून आहे ते. उद्या जाऊन आधी पट्टी काढून घ्या आणि आत काय निघालं ते फोटोसकट सांगा, नंबर झाकून, मग भावाचं बोलू.